दक्षिण कोकणातील ख्रिस्ती धर्मग्राम आणि पुरुषांची सेवा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या लोकसंख्येचे आकडे पाहिले असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच लक्षात येते. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 मध्ये ती 8,49,651 इतकी झाली. दहा वर्षांत लोकसंख्या घटण्याचा हा प्रकार महाराष्ट्रात विरळा होय. त्याच जनगणनेनुसार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर आणि घर, शेत व देवधर्म स्त्रियांच्या हाती, ही कोकणची जुनी रीत या आकड्यांतून स्पष्ट दिसते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ या भागांतील ख्रिस्ती समाज या रीतीला अपवाद नाही. चर्चच्या कार्यात पुरुषांनी अधिक प्रमाणात सहभागी व्हावे, असे आवाहन धर्मगुरूंकडून वारंवार केले जाते. त्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालणार नाही.

या आवाहनामागे सामान्यतः एक गृहीत असते. पुरुष स्वभावतःच धर्मकार्याविषयी उदासीन असतो, तेव्हा त्याला उपदेशाने जागे करावयाचे, असे ते गृहीत आहे. दक्षिण कोकणाच्या बाबतीत ते इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ज्या परंपरेतून येथील कॅथलिक धर्मग्राम निर्माण झाले, त्या परंपरेत चर्चची लौकिक व्यवस्था जवळजवळ संपूर्णतः पुरुषांच्याच हाती होती. म्हणून पुरुषांना चर्चमध्ये कसे आणावे हा खरा प्रश्न नव्हे. जे पुरुष एके काळी चर्चचा सर्व भार वाहत होते ते बाजूला का सरले, आणि त्यांच्या जुन्या कार्याच्या जागी नवे कोणते कार्य उभे राहिले वा राहिले नाही, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

सावंतवाडी संस्थान व वेंगुर्ल्याचा किनारा येथील कॅथलिक कुटुंबे बहुतांशी गोव्यातून, विशेषतः बारदेशातून, सोळाव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान निरनिराळ्या कारणांनी उत्तरेकडे सरकलेली आहेत. धर्मन्यायालयाचा जाच, करांचा बोजा, साथी आणि लढाया ही त्यांतील प्रमुख कारणे होत. येताना त्यांनी आडनावे व प्रार्थना आणल्या, त्याबरोबर धर्मग्राम चालविण्याची एक पद्धतीही आणली. आजचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून 5 जुलै 2005 रोजी वेगळा झाला आणि तो गोवा व दमणच्या महाधर्मप्रांताशी संलग्न आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे तीन जिल्हे त्यात मोडतात. प्रशासनाची रेषा अशा रीतीने पुन्हा गोव्याकडे वळली असली तरी व्यवहाराची व नात्यागोत्याची रेषा कधी तुटलीच नव्हती.

गोव्यातील या पद्धतीचा कणा म्हणजे ‘कोंफ्रारिया’, अर्थात धर्मबंधूंची मंडळी. प्रत्येक मोठ्या इगर्जीत अशी एक वा अनेक मंडळ्या असत. त्यांची लेखी नियमावली असे, मालमत्ता असे, हिशेब असत, आणि दरवर्षी निवडले जाणारे अध्यक्ष, खजिनदार व चिटणीस असत. फेस्ताचा खर्च, मेणबत्त्या, वाद्ये, मृत सभासदाची अंत्ययात्रा व त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा ही सर्व जबाबदारी मंडळीची असे. मिरवणुकीत सभासद ‘ओपा’ हा पायघोळ अंगरखा व त्यावर ‘मुर्सा’ ही आखूड खांदाझूल घालून चालत. हा पोशाख अंगावर घेण्याचा अधिकार हा गावातील प्रतिष्ठेचा विषय होता. इगर्जीच्या इमारतीची व निधीची व्यवस्था पाहणारी ‘फाब्रिक’ हीदेखील पुरुषांचीच समिती असे. फेस्ताचा ‘मोर्दोम’ अथवा यजमान पाळीपाळीने निवडला जाई आणि त्याला खिशातून खर्च करावा लागे. या खर्चापायी कर्ज काढल्याच्या कथा गोव्यात पुष्कळ ऐकू येतात.

दुसरा कणा संगीताचा होता. धर्मग्रामाच्या शाळेतील ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवी, रविवारी गायनवृंद उभा करी, आणि सायंकाळी वाड्यावरच्या खुर्सापाशी ‘लादीन’ म्हणजे मरियेची स्तुतिमाला गावयास नेई. लॅटिन शब्द, दोन वा तीन स्वरांची जोड आणि व्हायोलिनची साथ यांमुळे या गायनाला पुरुषांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवाजाची गरज असे. ज्याला तो आवाज येतो त्याला लादिनीचे आमंत्रण असे. इगर्जीत येण्यासाठी त्याला वेगळे आवाहन करावे लागत नसे. तो आला नाही तर गाण्यातील एक स्वर उणा पडत असे. सेवेचा हा प्रकार वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्यावाचून काही अडते ही भावना कोणत्याही संस्थेत माणसाला धरून ठेवते, आणि पुरुषांच्या सहभागाविषयीच्या आजच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

या व्यवस्थेचे आणखी एक अंग आहे आणि ते फारसे गौरवास्पद नाही. सिंधुदुर्गातील हिंदू गावरहाटीत ‘बारापाच’ मानकऱ्यांचे हक्क ठरलेले असतात. जत्रेत कोणी प्रथम पुढे व्हावे, कोणी निशाण धरावे, प्रसादाचा पहिला वाटा कोणाचा, या सर्वांचा क्रम पिढीजात असतो. कोंफ्रारियांतही नेमका असाच ‘मान’ शिरला होता. गावकऱ्यांची मंडळी वेगळी, इतरांची वेगळी. मुख्य फेस्त एकीचे, दुय्यम फेस्त दुसरीचे. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातील एका गावाचा अभ्यास करून 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे जातिनिष्ठ मान आणि ते मिळविण्यासाठी खालच्या मानल्या गेलेल्या गटांनी विसाव्या शतकात दिलेले लढे यांचे सविस्तर वर्णन आहे. तात्पर्य असे की, पुरुषांचा जो उत्साह जुन्या पिढीला आठवतो त्यात भक्तीबरोबर मानाचाही मोठा अंश होता. समतेच्या तत्त्वासाठी चर्चच्या अधिकाऱ्यांनी हे हक्क मोडून काढले अथवा शिथिल केले, ते योग्यच झाले. परंतु मान गेला तेव्हा त्याला चिकटलेले कामही गेले, आणि रिकाम्या जागेत लगेच काही पेरले गेले नाही. ‘आमच्या वेळी फेस्ताला गडीमाणसे धावत येत’ असे म्हणणाऱ्यांनी ती कशासाठी धावत येत हेही सांगितले पाहिजे.

तिसरे कारण स्थलांतराचे. मुंबईच्या धोबी तलाव व माझगाव भागात गोव्यातील गावागावांचे ‘कूड’ होते आणि त्यांतील काही आजही आहेत. कूड म्हणजे एकट्या पुरुषांची, बहुशः खलाशी, स्वयंपाकी व नोकर यांची, सामाईक राहण्याची जागा. भिंतीशी गावच्या पालक संताची वेदी, तिच्या भोवती ओळीने पेट्या, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तिला गैरहजर राहणाऱ्याला दंड असे. गावच्या फेस्तासाठी कुडात वर्गणी जमे. गिरणगावातील कोकणी हिंदू चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या व ग्रामस्थ मंडळे यांच्याशी या संस्थेचे साम्य स्पष्ट आहे. कूड ही धर्मगुरूवाचून चालणारी, संपूर्णतः प्रापंचिक पुरुषांची उपासनामंडळी होती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गावी उदासीन ठरविला गेलेला पुरुष मुंबईत रोज गुडघे टेकत होता, कारण तेथे नियम त्याने स्वतः केलेला होता आणि निधीची किल्ली त्याच्या सोबत्याच्या कमरेला होती.

गावाकडे मात्र याचा परिणाम उलट झाला. वर्षातील दहा-अकरा महिने पुरुष बाहेर असल्यामुळे मुलांचे धर्मशिक्षण, वेदीची सजावट, आजाऱ्यांची विचारपूस, वाड्यावरील तेर्स ही सर्व कामे स्त्रियांनी उचलली. धर्मभगिनींच्या शाळांनी त्यांना शिक्षण व आत्मविश्वास दिला. नाताळात आणि मे महिन्यात चाकरमानी परत येई तेव्हा सर्व कामे आधीच वाटून झालेली असत. त्याच्यासाठी उरे ते मंडप घालणे, फटाके आणि वर्गणीचा मोठा आकडा. कोकण रेल्वे 1998 मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली आणि येणे-जाणे वाढले. पण पाहुणा म्हणून येण्याची सवय त्यामुळे मोडली असे म्हणता येणार नाही. आखाती देशांत व जहाजांवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

चर्चमध्ये स्त्रियांची संख्या अधिक आणि पुरुषांची कमी हा अनुभव केवळ कोकणाचा नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक पाहणीत, ख्रिस्ती लोकांमध्ये उपासनेला उपस्थिती व दैनंदिन प्रार्थना यांत सर्वसाधारणपणे स्त्रिया पुढे असल्याचे दिसून आले. मुसलमानांत मशिदीतील उपस्थितीच्या बाबतीत पुरुष पुढे आढळले. त्यावरून धर्मनिष्ठेतील हा भेद निसर्गसिद्ध नसून संस्थेच्या रचनेशी निगडित आहे, असा तर्क करण्यास जागा आहे. कॅलम ब्राउन या इतिहासकाराने 2001 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ब्रिटनमध्ये सुमारे 1800 पासून धार्मिकता हा स्त्रीचा गुण मानला जाऊ लागला आणि पुरुषाकडे सुधारणेचा विषय म्हणून पाहण्यात येऊ लागले. त्यावर उपाय म्हणून पाश्चात्य देशांत वेळोवेळी चळवळी झाल्या. 1844 मध्ये लंडनला जॉर्ज विल्यम्सने स्थापिलेली तरुणांची ख्रिस्ती संघटना (वाय. एम. सी. ए.) प्रसिद्धच आहे. अमेरिकेत 1911-12 मध्ये पुरुषांना चर्चमध्ये परत आणण्यासाठी देशव्यापी मोहीम झाली. सभा मोठ्या झाल्या, जाहिराती झाल्या, परंतु रविवारच्या उपस्थितीतील अंतर कायम राहिले. मोहिमेने माणूस एकदा येतो. काम असेल तरच तो दुसऱ्यांदा येतो.

किनाऱ्यावरील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा अनुभव वेगळ्या दिशेने उपयुक्त आहे. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात सुरू केलेले मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि त्याचा विस्तार रत्नागिरी व वेंगुर्ल्यापर्यंत झाला. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालय हे त्याचे सर्वांत परिचित कार्य. तेथील वैद्यकीय मिशनरी डॉ. गोहीन यांचे वेंगुर्ल्यात 1919 साली जन्मलेले पुत्र रॉबर्ट गोहीन हे पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार पाळक एकटा पाहत नाही. सभासदांनी निवडलेले ‘वडील’ त्याच्याबरोबर बसतात आणि त्यांना मत असते. म्हणजे प्रापंचिक पुरुषाला अधिकार देण्याची सोय तत्त्वतः मुळातच होती. अडचण दुसरीकडेच निर्माण झाली. मिशनने शिक्षक, उपदेशक, बायबलवाली स्त्री, कंपाउंडर अशा पदांवर वेतन देऊन माणसे नेमली. धर्मसेवा ही नोकरी झाली आणि नोकरी नसलेल्या सभासदाला ती आपली वाटेना.

हा दोष ज्या मराठी ख्रिस्ती पुरुषाने सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो याच कोकणचा होता. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 मध्ये त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केल्यावर 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत आणि सेवा वेतनावाचून व्हावी, ही त्यामागील कल्पना होती. 1919 च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. तथापि भजन-कीर्तनाच्या रूपाने ख्रिस्ती पुरुषाला स्वभाषेत, स्वतःच्या आवाजात उभे राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या कुडातील तेर्स आणि टिळकांचे कीर्तन यांत बाह्य साम्य काही नाही. दोहोंत एक समान सूत्र मात्र आहे: वेतन कोणी देत नाही, आणि पुढाकार धर्मगुरूकडे नाही.

कॅथलिक चर्चमध्ये या विषयाला सैद्धांतिक आधार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दिला. नोव्हेंबर 1964 मधील चर्चविषयक संविधानात आणि 18 नोव्हेंबर 1965 च्या प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात, बाप्तिस्म्यानेच प्रत्येक श्रद्धावंत चर्चच्या कार्यात सहभागी होतो, तो धर्मगुरूचा केवळ हस्तक नव्हे, असे सांगितले गेले. 1972 मध्ये वाचक व वेदीसेवक ही दोन सेवापदे प्रापंचिकांसाठी खुली झाली, परंतु केवळ पुरुषांसाठी. जानेवारी 2021 मध्ये ही अट काढण्यात आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे पदही औपचारिक सेवापद म्हणून मान्य झाले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक विधिपूर्वक नेमलेले वाचकपद पुरुषांकरिता राखीव होते, आणि त्या काळात प्रत्यक्ष वाचन मात्र बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करीत होत्या. राखीव जागा ठेवल्याने पुरुष पुढे येतो ही समजूत किती फोल आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुरुषांना प्रोत्साहन देणे म्हणजे स्त्रियांच्या हातून कामे काढून घेणे नव्हे, हेही यावरून उघड होते.

खरी ग्रंथी निर्णयाधिकाराची आहे. 1983 च्या चर्चकायद्यातील 536 व्या कलमानुसार धर्मग्राम परिषद स्थापन करता येते, परंतु तिचे मत सल्ल्यापुरते असते. 537 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे. तीदेखील धर्मगुरूला साहाय्य करते. आता सिंधुदुर्गातील पुरुषाचे इतर सार्वजनिक जीवन पाहावे. तो ग्रामसभेत मत देतो, सहकारी सोसायटीत संचालक निवडतो, मच्छिमार असेल तर रापणीच्या संघात दोर ओढून मिळकतीचा ठरलेला वाटा घेतो. रापणीत सल्लागार नसतो. ज्याचा हात दोराला त्याचा वाटा मासळीत. अशा माणसाला चर्चच्या परिषदेत बसवून त्याचे मत ऐकले जाईल, मोजले जाईलच असे नाही, असे सांगितल्यास दुसऱ्या-तिसऱ्या सभेनंतर त्याची खुर्ची रिकामी दिसल्यास नवल नाही. रोम येथील धर्मसभेच्या ऑक्टोबर 2024 मधील अंतिम दस्तऐवजात अशा सहभागी परिषदा अनिवार्य कराव्यात असा आग्रह धरण्यात आला आहे. अनिवार्यतेने परिषद अस्तित्वात येईल. तिला हिशेब पाहण्याचा व निर्णयाची कारणे विचारण्याचा हक्क व्यवहारात किती मिळतो यावर तिचा जीव अवलंबून राहील. कोंफ्रारियांचे दोष काहीही असोत, त्यांचे हिशेब दरवर्षी सभासदांपुढे वाचले जात.

जे उपक्रम पुरुषांना धरून ठेवतात त्यांचे स्वरूप पाहिले तर हेच दिसते. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या विद्यार्थी सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळाची पद्धत अशी की, सभासदांनी गरिबाच्या घरी जोडीने स्वतः जावे आणि साप्ताहिक बैठकीत त्याची गरज मांडून मदत ठरवावी. बैठक लहान, निधी हाताशी, निर्णय तेथल्या तेथे. मंडळ भारतात 1863 पासून आहे आणि अनेक धर्मग्रामांत सर्वांत वयोवृद्ध पुरुष याच कामात आढळतात. मुंबई महाधर्मप्रांतात 1984 पासून सुरू झालेल्या लहान ख्रिस्ती समूहांची रचनाही शेजारपाजारच्या घरांवर आधारलेली आहे. कोकणातील वाडी ही त्यासाठी तयार एकक आहे, कारण खुरीस वाडीचा असतो, त्याची रंगरंगोटी वाडी करते आणि लादीनही तेथेच होते.

वेळेचा प्रश्न त्यामानाने लहान, पण दुर्लक्षिलेला. रविवारी सकाळी सातच्या मिस्सेला पहाटे होडी घेऊन गेलेला मनुष्य येऊ शकत नाही. रविवारचे कर्तव्य आदल्या सायंकाळच्या मिस्सेनेही पूर्ण होते, अशी सोय 1248 व्या कलमात आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. हे दोन महिने किनाऱ्यावरील पुरुष गावात असतो आणि त्याच्या हाताला काम नसते. धर्मग्रामाचे वार्षिक नियोजन मात्र शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे आखले जाते, आणि पावसाळा हा मंद ऋतू समजला जातो. चाकरमान्याचा मे महिना व मच्छिमाराचे जून-जुलै हे तीन महिने जोडले तर वाचकांचे प्रशिक्षण, हिशेबतपासणी, खुर्सांची व छपरांची दुरुस्ती यांना वर्षातील सर्वांत सोयीचा काळ उपलब्ध होतो. छप्पर शाकारणे पावसापूर्वी करावे लागते एवढाच अपवाद.

भाषेचा गुंता याहून अवघड आहे. घरात मालवणी वा कोकणी, मिस्सेत मराठी, आणि आजोबांच्या वहीत रोमन अक्षरांत उतरवलेली लॅटिन लादीन, अशी तीन थरांची स्थिती आहे. परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली तेव्हा सर्वांना अर्थ कळू लागला, हा लाभ मोठा आहे. परंतु ज्या पुरुषांचे चर्चमधील स्थान दुसऱ्या आवाजावर आधारलेले होते त्यांना नव्या एकस्वरी गीतांत जागा राहिली नाही, आणि मेस्ताचे पद तर बहुतेक ठिकाणी नाहीसेच झाले. काही वाड्यांत मे महिन्यातील खुर्साच्या फेस्ताला अजून लादीन होते. व्हायोलिन वाजवणारा मुंबईहून रात्रीच्या गाडीने येतो, सायंकाळी वही उघडतो, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारे पुरुष त्या वेळी खुर्साभोवती उभे राहून आपापला आवाज धरतात.